अपराधी मुलें आणि त्यांचा पाठीराखा

न्यायालयाचें चित्र डोळ्यांसमोर आणूं लागलें म्हणजे तीन माणसें आपणांस सहज दिसतात: आरोप ठेवणारा, आरोपी, आणि दोघांचें ऐकून निकाल देणारा न्यायाधीश. वकील आले तरी ते कोणाच्या ना कोणाच्या बाजूनें बोलणारे. त्यांचें स्वतंत्र असें ठिकाण नाहीं. परंतु मुलांच्या न्यायालयांत या सर्वांखेरीज आणखी एक माणूस हजर असतो. तो फिर्यादी नव्हे, न्यायाधीश नव्हे, आणि वकीलहि नव्हे. मुलाच्या हातून काय घडलें याचा शोध पोलिसांनीं घ्यावा. हें मूल कोण, कोणत्या घरांतून आलें, शाळा कधीं सुटली, रात्रीं निजतें कोठें, याचा शोध त्यानें घ्यावा, आणि शोध संपल्यावरहि त्या मुलाचा हात सोडूं नये, अशी त्याच्यापासून अपेक्षा असते. इंग्रजींत त्यास प्रोबेशन ऑफिसर म्हणतात. आमच्या कायद्याच्या मराठींत त्यास परिवीक्षा अधिकारी असें भारदस्त नांव मिळालें आहे. हा माणूस न्यायालयांत आला कसा, त्यास कोणीं आणलें, आणि दयेचें काम सरकारी अधिकार झाल्यावर त्यांत काय साधलें व काय बिघडलें, याचा इतिहास वाचकांपुढें मांडावा असा या लेखाचा हेतु आहे.

जुन्या कायद्यास मूल दिसतच नव्हतें असें नाहीं. सात वर्षांखालील मुलाच्या हातून अपराध होऊंच शकत नाहीं हें तत्त्व इंग्रजी कायद्यांत फार दिवसांपासून होतें, आणि १८६० च्या आमच्या दंडसंहितेनें तें ८२ व्या कलमांत घेतलें. त्यापुढील ८३ व्या कलमानें सात ते बारा वर्षांच्या मुलाविषयीं अशी सोय केली कीं, आपल्या कृत्याचें स्वरूप व परिणाम समजण्याइतकी त्याची बुद्धि परिपक्व झाली नसेल तर तेंहि निर्दोष समजावें. तरतूद शहाणपणाची खरी. पण तिनें उत्तर दिलें तें एकाच प्रश्नाचें: मूल दोषी कीं निर्दोष? दोषी ठरल्यास पुढें काय करावयाचें, या दुसऱ्या प्रश्नास त्या काळच्या कायद्यापाशीं बहुतेक मोठ्या माणसांसाठीं योजलेलींच उत्तरें होतीं. दंड भरण्यास मुलापाशीं पैसा नसे; म्हणून उरे तो तुरुंग, आणि १८६४ च्या कायद्यानंतर त्याऐवजीं फटके. भाकरी चोरून तुरुंगांत गेलेल्या मुलास तेथें कुलूप तोडण्याची विद्या शिकविणारे गुरु विनासायास भेटत, हें त्या काळच्या तुरुंगाधिकाऱ्यांसहि ठाऊक होतें.

या दुसऱ्या प्रश्नाचें नवें उत्तर कोणा पंडितानें किंवा मंत्र्यानें दिलें नाहीं. तें दिलें एका बूट शिवणाऱ्या कारागिरानें. अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं जॉन ऑगस्टस नांवाचा हा गृहस्थ बुटांचें दुकान चालवीत असे. १८४१ सालीं ऑगस्ट महिन्यांत एके सकाळीं तो पोलीस कोर्टांत बसला असतां दारूच्या व्यसनापायीं पकडलेल्या एका फाटक्या माणसास समोर आणण्यांत आलें. ऑगस्टसनें त्याच्याशीं दोन शब्द बोलून त्यास जामीन राहण्याची तयारी दाखविली. तीन आठवड्यांनीं तो माणूस कोर्टांत परत आला तेव्हां त्याचें रूप इतकें पालटलें होतें कीं, न्यायाधीशानें त्यास बंदींत न धाडतां एक सेंट दंड आणि कोर्टाचा खर्च एवढ्यावर सोडून दिलें. पुढें १८४३ पासून ऑगस्टस मुलांसहि जामीन राहूं लागला. हमी घेण्यापूर्वी तो त्या व्यक्तीचें वय, पूर्वीची चालचर्या व भोवतालची संगत यांची चौकशी करी. हमी घेतल्यावर काम मिळवून देई, मूल असल्यास शाळेंत घाली, आणि मुदत भरली म्हणजे न्यायाधीशास हकीकत सादर करी. आजचा परिवीक्षा अधिकारी जें जें करितो तें सर्व बीजरूपानें येथें आहे. १८५९ मध्यें तो वारला; तत्पूर्वी सुमारें अठरा वर्षांत त्यानें १,९४६ माणसांची हमी घेतली होती.

या कामाबद्दल त्यास सरकारांतून दमडीहि मिळाली नाहीं. उलट त्याचा धंदा बसला. कोर्टांतील शिपाईप्यादे तर त्याच्यावर रुष्टच असत. कारण उघड होतें. प्रत्येक कैदी बंदीखान्यांत पोंचविल्याबद्दल त्यांस ठराविक फी मिळे, आणि ऑगस्टस जामीन राहिला कीं ती फी बुडे. दयेच्या आड नेहमीं क्रौर्यच येतें असें नाहीं. पुष्कळदां एखादा लहानसा फायदा आड येतो. ऑगस्टसच्या पश्चात् १८७८ मध्यें मॅसॅच्युसेट्स राज्यानें कायदा करून बॉस्टनमध्यें हें काम पगारी अधिकाऱ्याकडे सोंपविलें. इंग्लंडांतहि आरंभ असाच लहान होता. १८७६ मध्यें फ्रेडरिक रेनर नांवाच्या एका छापखानेवाल्यानें पोलीस कोर्टांतील गांजलेल्या माणसांसाठीं कांहीं करावें म्हणून एका मद्यपाननिषेधक मंडळास पत्र लिहिलें आणि त्यासोबत पांच शिलिंग धाडले. त्या पांच शिलिंगांतून कोर्टांत बसणारे धर्मसेवक निघाले, आणि १९०७ च्या कायद्यानें त्यांस सरकारी अधिकाऱ्यांचें स्वरूप आलें. या अधिकाऱ्यानें अपराध्यास सल्ला द्यावा, साहाय्य करावें व त्याचा मित्र व्हावें, असें त्या कायद्यानेंच सांगितलें. मैत्री हें सरकारी कर्तव्य ठरावें, ही गोष्ट विलक्षण नव्हे काय?

याच सुमारास चाललेल्या दुसऱ्या एका प्रवाहाचा उल्लेख येथें केला पाहिजे, कारण त्याचा आमच्या देशाशीं साक्षात् संबंध आहे. ब्रिस्टल शहरच्या मेरी कार्पेंटर (१८०७-१८७७) या बाईंनीं गल्लीबोळांतील अनाथ व उनाड मुलांसाठीं शाळा चालविली होती. मुलांसाठीं म्हणून १८३८ मध्यें उघडलेला पार्कहर्स्टचा तुरुंग त्यांस मान्य नव्हता. तुरुंग लहान केला म्हणजे तो शाळा होत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. १८५१ मध्यें त्यांनीं या विषयावर ग्रंथ लिहिला, १८५२ मध्यें किंग्जवुड येथें सुधारशाळा काढली, आणि १८५४ मध्यें पार्लमेंटानें अशा शाळांस मान्यता देणारा कायदा केल्यावर त्याच वर्षीं मुलींसाठीं ब्रिस्टलमध्यें स्वतंत्र शाळा उघडली. १८६६ मध्यें त्या हिंदुस्थानांत आल्या, आणि त्यानंतर आणखी तीन वेळां आल्या. येथील तुरुंग त्यांनीं हिंडून पाहिले, आणि त्यांत मोठ्या कैद्यांबरोबर कोंडलेलीं मुलें पाहून सरकारदरबारीं सुधारशाळांचा आग्रह धरला. १८७६ च्या सुधारशाळांच्या कायद्यामागें जी खटपट झाली तींत त्यांच्या या आग्रहाचा वांटा होता. बाईंची दृष्टि उदार होती. पण त्यांच्या योजनेस एक मर्यादा होती. मूल वाईट घरांतून उचलून चांगल्या संस्थेंत ठेवावें, एवढाच तिचा रोख होता. घर वाईट कां झालें, आणि तें सुधारून मुलास तेथेंच ठेवतां येईल काय, हा प्रश्न पुढच्या पिढीनें विचारावयाचा होता.

तो प्रश्न विचारला गेला शिकागो शहरीं. १८८९ मध्यें जेन अॅडम्स यांनीं त्या शहराच्या गरीब वस्तींत हल हाउस नांवाचें सेवागृह स्थापिलें. भोवतालीं युरोपांतून नुकतींच आलेलीं मजुरांचीं कुटुंबें राहत. शिकल्यासवरल्या स्त्रियांनीं वस्तींत जाऊन राहावें, शेजारधर्मानें काम करावें, आणि पाहिलेलें लिहून काढावें, अशी या गृहाची रीत होती. वस्तींतलीं मुलें क्षुल्लक कारणांवरून पोलिसांच्या हातीं सांपडतात, आणि पकडलेलें मूल तुरुंगांत मोठ्या गुन्हेगारांच्या शेजारीं निजतें, हें या स्त्रियांनीं प्रत्यक्ष पाहिलें. ज्यूलिया लॅथ्रॉप व ल्यूसी फ्लॉवर यांनीं शहरांतील वकिलांस व स्त्रियांच्या मंडळास हाताशीं धरून कायद्याचा पाठपुरावा केला. १८९९ मध्यें इलिनॉय राज्यानें तो कायदा संमत केला, आणि त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत मुलांचें पहिलें स्वतंत्र न्यायालय शिकागोंत सुरूं झालें. सोळा वर्षांखालील मुलांचे खटले तेथें चालावयाचे होते, आणि बारा वर्षांखालील मुलास तुरुंगांत ठेवण्यास बंदी होती. या न्यायालयाची मूळ कल्पना अशी कीं, येथें 'सरकार विरुद्ध अमुक' असा झगडा नाहीं. ज्या मुलाचा पालक कमी पडला त्याचा पालक म्हणून येथें राजसत्ता उभी आहे.

कल्पना थोर होती. पण कायद्यांत एक गंमत होती. न्यायालयानें परिवीक्षा अधिकारी नेमावे असें त्यांत होतें, आणि त्यांस सरकारी तिजोरींतून वेतन मिळूं नये असेंहि होतें! तेव्हां हा भार स्त्रियांच्या मंडळानें उचलला. वर्गणी गोळा करून अधिकाऱ्यांचे पगार भागविण्यांत आले. हल हाउसमधील अल्झिना स्टीव्हन्स या बाई पहिल्या परिवीक्षा अधिकारी झाल्या. स्वतः बालपणीं कापडाच्या गिरणींत काम करून एका बोटास मुकलेल्या या बाईंस मजुराच्या मुलाचें आयुष्य पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. १९०५ नंतर वेतनाचा भार सरकारनें घेतला. १९०७ मध्यें न्यायालयाची नवी इमारत हल हाउसच्या समोरच उभी राहिली. १९०९ मध्यें डॉ. विल्यम हीली यांनीं न्यायालयांत आलेल्या मुलांच्या मनाचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठीं संस्था काढली. ज्यूलिया लॅथ्रॉप १९१२ मध्यें अमेरिकन सरकारच्या बालविषयक खात्याच्या पहिल्या प्रमुख झाल्या. वीस-पंचवीस वर्षांच्या अवधींत शेजारधर्म हा कायदा झाला, कायद्याचें खातें झालें, आणि खात्याच्या मागोमाग शास्त्र आलें.

आतां आमच्या देशाकडे वळूं. १८५० सालीं कंपनी सरकारनें केलेल्या कायद्यान्वयें अनाथ व क्षुल्लक अपराध केलेल्या मुलांस तुरुंगाऐवजीं एखाद्या कारागिराकडे उमेदवार म्हणून बांधून देतां येई. मुंबईंत ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या औदार्यानें भरभराटीस आलेली औद्योगिक सुधारशाळा त्यांच्याच नांवानें प्रसिद्ध झाली. १८७६ चा सुधारशाळांचा कायदा १८९७ मध्यें नव्यानें करण्यांत आला, आणि १८९८ च्या फौजदारी कामकाजाच्या संहितेनें ५६२ व्या कलमांत पहिल्या अपराधाबद्दल चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची सोय केली. हमीवर सोडावें खरें. पण सोडलेल्या मुलावर मायेची नजर ठेवील कोण? तो माणूस त्या कायद्यांत नव्हता.

आणि ज्या १८९७ सालीं सुधारशाळांचा कायदा सुधारला गेला, त्याच सालीं त्याच सरकारनें दुसरें एक पाऊल उचललें, तें विसरतां येत नाहीं. १८७१ च्या कायद्यानें कांहीं जातीजमातींवर जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का मारलाच होता. १८९७ च्या दुरुस्तीनें अशा जमातींच्या चार वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांस आईबापांपासून तोडून निराळ्या सुधारवसाहतींत ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. येथें मुलानें कांहीं केलें आहे काय, हा प्रश्नच नव्हता. तें कोणाच्या पोटीं आलें एवढेंच पुरे होतें. सोलापुरासारख्या ठिकाणच्या तारेच्या कुंपणाआडच्या वसाहती महाराष्ट्राच्या स्मरणांतून गेलेल्या नाहींत. हा कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्यें रद्द झाला. पण पारध्याचें पोर दिसतांच खिसा चांचपण्याची आमची संवय कोणत्याहि राजपत्रानें रद्द झालेली नाहीं. 'मुलाच्या हितासाठीं' हे शब्द किती निरनिराळ्या कामीं येऊं शकतात, तें या एकाच सालच्या दोन कायद्यांवरून ध्यानांत येईल.

१९१९-२० मध्यें सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालीं तुरुंगांची चौकशी करणारी समिति बसली. मुलांची जागा तुरुंगांत नाहीं, त्यांच्यासाठीं स्वतंत्र न्यायालयें व चौकशीच्या काळांत राहण्यास स्वतंत्र गृहें हवींत, असा तिचा अभिप्राय पडला. मद्रासनें १९२० मध्यें, बंगालनें १९२२ मध्यें आणि मुंबई इलाख्यानें १९२४ मध्यें मुलांचे कायदे केले. मुंबईचा कायदा शहरांत १९२७ मध्यें अमलांत आला, आणि त्याच वर्षीं स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीनें मुलांच्या गृहांचा भार उचलला. या कायद्याचा विशेष असा कीं, अपराध केलेल्या मुलांबरोबरच निराधार व छळ झालेल्या मुलांचाहि त्यांत समावेश होता. गिरण्यांच्या व गोदीच्या या शहरांत घरून पळून आलेला, फलाटावर निजणारा आणि भुकेपायीं हात मारणारा मुलगा हा बहुधा एकच असे. त्यास दोन कायद्यांत वांटणें व्यर्थ होतें.

शहराचें रिमांड होम डोंगरीस झालें. मराठी वाचकांस हें नांव अपरिचित नाहीं. १८८२ मध्यें कोल्हापूरच्या प्रकरणांत टिळक व आगरकर यांस शिक्षा झाली तेव्हां त्यांनीं एकशें एक दिवस डोंगरीच्याच तुरुंगांत काढले, आणि आगरकरांनीं त्या दिवसांवर पुस्तक लिहिलें. त्या तुरुंगाच्या जागींच पुढें मुलांचें गृह आलें. या योगायोगांत अभिमानाची गोष्ट आहे तशी खेदाचीहि आहे. तुरुंग मुलांसाठीं रिकामा झाला ही अभिमानाची. आणि मुलांसाठीं आम्हांस जागा सांपडली ती तुरुंगाचीच, ही खेदाची.

तथापि खरी उणीव भिंतींची नव्हती, माणसांची होती. मुलांच्या न्यायालयास शिकलेला साहाय्यक हवा, आणि तो घडविण्याची शाळा देशांत कोठेंच नव्हती. ही उणीव भरून काढण्यास पुन्हां शिकागोचाच धागा उपयोगी पडला. शिकागो विद्यापीठांत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ड हे अमेरिकन मराठी मिशनतर्फें मुंबईस आले होते, आणि नागपाड्याच्या दाट वस्तींत त्यांनीं शेजारगृह चालविलें होतें. टाटांच्या विश्वस्तनिधीच्या साहाय्यानें १९३६ मध्यें सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याची शाळा निघाली, तिचे हे पहिले संचालक झाले. समाजसेवा हा केवळ हृदयाचा उमाळा नसून शिकण्याची विद्या आहे, हें या देशांत प्रथम तेथें मान्य झालें. १९४४ मध्यें याच शाळेस टाटा समाजविज्ञान संस्था हें नांव मिळालें. दरम्यान १९३८ मध्यें मुंबई इलाख्यानें परिवीक्षेचा स्वतंत्र कायदा केला होता. १९४८ मध्यें मुलांचा कायदा नव्यानें झाला, आणि १९५८ मध्यें परिवीक्षेचा कायदा सर्व देशासाठीं झाला.

या अधिकाऱ्याचें काम वाचकांस वाटतें त्याहून पुष्कळच गद्य असतें. न्यायालयाचा हुकूम हातीं पडला कीं तो मुलानें सांगितलेला पत्ता शोधीत निघतो. पत्ता पुष्कळदां खोटा निघतो, कारण घरीं कळूं नये ही मुलाची पहिली धडपड असते. घर सांपडलें तर बाप काय कमावितो, किती पितो, आई कामावर जाते तेव्हां धाकटीं भावंडें कोणाच्या स्वाधीन असतात, शाळेनें नांव कमी केलें कीं मुलानें शाळा सोडली, हें सर्व त्यास विचारावें लागतें, आणि विचारतां विचारतां घरच्यांचा विश्वासहि संपादावा लागतो. नंतर शाळामास्तर, नंतर कारखान्याचा मुकादम, नंतर शेजारी. हें लिहून काढतांना त्याच्या लेखणींत फार मोठें सामर्थ्य असतें. 'घर अस्वच्छ, आई दिवसभर बाहेर, देखरेख नाहीं' एवढ्या तीन शब्दप्रयोगांनीं मूल संस्थेंत जाऊं शकतें. परंतु ती आई दिवसभर बाहेर आहे ती कोणाच्या तरी घरचीं भांडीं घासण्यासाठीं, आणि घर अस्वच्छ आहे तें नळास पाणी पहांटे अर्धा तास येतें म्हणून, हें पाहण्यास दुसरी दृष्टि लागते. मध्यमवर्गांत वाढलेल्या माणसास गरिबी आणि हयगय यांतील भेद ओळखतां येणें, हीच या विद्येची पहिली परीक्षा होय. शिकागोंतहि परदेशांतून आलेल्या कुटुंबांच्या चालीरीती अधिकाऱ्यांस अव्यवस्था वाटत, अशी तक्रार होतीच.

या सामर्थ्यास लगाम नसला म्हणजे काय होतें, हें अमेरिकेंतच १९६४ मध्यें दिसून आलें. अॅरिझोना राज्यांत गॉल्ट नांवाच्या पंधरा वर्षांच्या मुलानें शेजारच्या बाईस दूरध्वनीवरून अश्लील बोलल्याचा आरोप होता. पोलिसांनीं त्यास उचललें तेव्हां आईबाप कामावर होते. त्यांच्यासाठीं साधी चिठ्ठीहि ठेवण्यांत आली नाहीं. तक्रार करणारी बाई न्यायाधीशासमोर एकदांहि आली नाहीं. मुलास वकील नव्हता, साक्षीपुराव्याची नोंद नव्हती. परिवीक्षा अधिकाऱ्यांनीं दिलेला अहवाल आईबापांस दाखविलाहि गेला नाहीं. निकाल असा झाला कीं, एकविसावें वर्ष पुरें होईपर्यंत, म्हणजे सुमारें सहा वर्षें, मुलगा सुधारशाळेंत राहील. हाच अपराध प्रौढ माणसानें केला असता तर त्यास पांच ते पन्नास डॉलर दंड किंवा फार तर दोन महिन्यांची कैद झाली असती! १९६७ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें हा निकाल रद्द केला. मुलासहि आरोपाची आगाऊ सूचना मिळण्याचा, वकिलाचा, साक्षीदारास प्रश्न विचारण्याचा आणि स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क आहे, असें त्यानें ठरविलें. परिवीक्षा अधिकारी मुलाच्या हिताची काळजी घेतो, मग वकील कशास हवा, या युक्तिवादासहि न्यायालयानें उत्तर दिलें: जो मुलास अटक करितो, तक्रार दाखल करितो आणि त्याच्याविरुद्ध साक्ष देतो, त्यासच त्याचा वकील समजतां येत नाहीं.

हा निकाल आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. राजसत्ता पालक झाली म्हणून न्यायाचे नियम शिथिल करण्यांत आले; नियम शिथिल झाल्यावर पालकानें दिलेली शिक्षा शत्रूनें दिलेल्या शिक्षेहून जबर ठरली. प्रेमानें मारलेल्या छडीचा वळ कमी दुखतो असें मुलांचें मत आम्हीं तरी ऐकलेलें नाहीं.

आमच्या देशांत दोष उलट बाजूचा होता. कायदे होते, पण ते प्रांतोप्रांतीं निराळे, आणि कांहीं ठिकाणीं मुळींच नव्हते. त्यामुळें पुष्कळ मुलें साध्या तुरुंगांतच पडून राहत. पत्रकार शीला बर्से यांनीं हें गाऱ्हाणें सर्वोच्च न्यायालयापुढें नेलें. १९८६ मध्यें न्यायालयानें मुलांस तुरुंगांत ठेवूं नये असें बजावून सर्व देशासाठीं एकच कायदा करण्याची सूचना केली, आणि त्याच वर्षीं बालन्यायाचा पहिला सर्वदेशीय कायदा संमत झाला. त्यांत मुलगा सोळा वर्षांपर्यंत व मुलगी अठरा वर्षांपर्यंत बालक समजली जाई. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्कांच्या करारास भारतानें १९९२ मध्यें मान्यता दिली; पुढें २००० च्या कायद्यानें दोघांसहि अठरा वर्षांची मर्यादा लागू केली. याच कायद्यानें आणखी एक मोठा पालट केला. बालन्याय मंडळांत एका दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजसेवक बसावेत, आणि त्यांत एक तरी स्त्री असावी, असें ठरलें. न्यायासनाच्या खालीं उभा असलेला आमचा तो जुना माणूस तेथेंच राहिला; पण त्याचा भाऊबंद आतां न्यायासनावर येऊन बसला.

डिसेंबर २०१२ मध्यें दिल्लींत जें भयंकर कृत्य घडलें त्यांतील एक आरोपी अठरा वर्षांस थोडासा कमी होता. २०१३ मध्यें त्यास कायद्यांतील जास्तींत जास्त म्हणजे तीन वर्षांची मुदत देण्यांत आली, आणि देशभर संताप उसळला. संताप स्वाभाविक होता. त्यांतून २०१५ चा नवा कायदा आला, आणि तो जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यान्वयें सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अघोर अपराधाचा आरोप असल्यास मंडळानें प्राथमिक मूल्यमापन करावयाचें असतें: अपराध करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता काय होती, परिणाम त्यास समजत होते काय, आणि कोणत्या परिस्थितींत तो घडला. या उत्तरावर त्याचा खटला मोठ्या माणसाप्रमाणें चालावा कीं नाहीं, हें ठरतें. १८६० च्या ८३ व्या कलमांतला प्रश्नच पुन्हां नव्या रूपानें उभा राहिला आहे, असें वाचकांच्या ध्यानांत येईल. भेद इतकाच कीं, तेथें तो मुलास सोडविण्यासाठीं विचारला जाई, आणि येथें त्यास मोठ्यांच्या पंक्तीस बसविण्यासाठीं विचारला जातो. हें काम इतकें नाजूक आहे कीं, मंडळांत बालमानसशास्त्र जाणणारा सभासद नसेल तर त्या शास्त्राच्या जाणकाराचें साहाय्य घेतलेंच पाहिजे, असें २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयास सांगावें लागलें.

मात्र या एका कलमावरच्या वादांत बाकीचा कायदा झांकला जाऊं नये. मूल मंडळापुढें आल्यापासून पंधरा दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्यानें त्याच्या परिस्थितीचा अहवाल द्यावा. संस्थेंत ठेवणें हा अगदीं शेवटचा उपाय समजावा. समज देऊन घरीं पाठविणें, समुपदेशन, समाजोपयोगी काम, आणि पालकाच्या अगर योग्य व्यक्तीच्या हमीवर तीन वर्षांपर्यंत परिवीक्षा, असे अनेक मार्ग मंडळास मोकळे आहेत. अघोर अपराधाबद्दल मोठ्यांप्रमाणें दोषी ठरलेलीं मुलें वगळतां इतरांस झाल्या प्रकाराचा डाग जन्मभर लागूं नये म्हणून दप्तरेंहि यथाकाल नष्ट करावयाचीं असतात. बूटवाल्या ऑगस्टसनें स्वतःच्या जोखमीवर जें केलें, तें आज सर्व देशाच्या कायद्यांत आलें आहे.

यावर एक आक्षेप नेहमीं निघतो. ज्याचें घर लुटलें, ज्याच्या मुलीवर प्रसंग आला, त्याचें काय? अपराध्याचा पाठीराखा आहे, आणि पीडिताचा कोण? आक्षेपांत तथ्य आहे, आणि पीडितास न्यायालयांत जी उपेक्षा सोसावी लागते तिचें समर्थन कोणीच करणार नाहीं. परंतु एकाची उपेक्षा दुसऱ्याच्या उपेक्षेनें भरून निघत नाहीं. पंधरा वर्षांचा मुलगा कितीहि काळ कोंडला तरी एक दिवस तो सुटणारच. तो सुटतांना कोण होऊन सुटावा, एवढाच प्रश्न आपल्या हातीं आहे. तो सुटून याच गल्लीबोळांत येणार, हें लक्षांत घेतल्यास पाठीराख्याचें काम समाजाच्याच संरक्षणाचें आहे असें दिसून येईल.

या सर्व इतिहासांतून आमच्या मतें एक बोध निघतो. मुलाचा मित्र आणि न्यायालयाचा डोळा, या दोन भूमिका एकाच माणसावर सोंपविल्या गेल्या आहेत, आणि त्या एकमेकींस सदैव ओढीत असतात. नुसता मित्र झाला तर न्यायालय त्याच्यावर विसंबणार नाहीं; नुसता डोळा झाला तर मूल त्यास कांहीं सांगणार नाहीं. हा पेंच कोणत्याहि कलमानें सुटणारा नाहीं. तो रोज, प्रत्येक मुलागणिक, नव्यानें सोडवावा लागतो. म्हणूनच अशा माणसाच्या हातीं किती मुलें सोंपविलीं आहेत, त्यास शिक्षण मिळालें आहे काय, आणि मुलाच्या बाजूनें बोलणारा वकील त्याच्याखेरीज हजर आहे काय, या रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नांवरच सर्व योजनेचें यश अवलंबून आहे.

आणि एक विनंति. मंडळावरील दोन जागा कायद्यानें समाजासाठीं राखून ठेविल्या आहेत. ज्यांनीं सात वर्षें मुलांच्या आरोग्याचें, शिक्षणाचें किंवा कल्याणाचें काम केलें आहे, अगर जे बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र वा कायदा यांची पदवी घेऊन व्यवसाय करीत आहेत, त्यांस तेथें बसतां येतें. असे स्त्रीपुरुष आमच्या वाचकांच्या घरोघरीं आहेत. मुलें बिघडलीं म्हणून दिवाणखान्यांत हळहळणारे पुष्कळ आहेत; बॉस्टनच्या त्या कोर्टांतहि त्या दिवशीं पुष्कळ लोक बसले असतील. उठून उभा राहिला तो एक.